टाइमकीपरचं दुखणं

रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी एक झाकण बंद करत असे. त्या झाकणापायी माझं पोट, मान, दात आणि झोप ही चारही ठिकाणं एका वर्षात बिघडली. आता हे सांगितलं की नातवंडं हसतात. झाकण बंद करायला काय ताकद लागते, असं विचारतात. ताकद काहीच लागत नव्हती, म्हणून तर मला कळायला इतका वेळ लागला.

नवे पैसे सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची, छप्पन्न सालची गोष्ट. चिंचवडच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून, पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना नुकताच उभा राहिला होता. मी कऱ्हाडकडचा, मॅट्रिक पास, सव्वीस वर्षांचा. तिथे टाइमकीपर म्हणून चिकटलो. फाटकातून आत आलं की भिंतीला एक मोठी लाकडी पेटी होती आणि तिच्यात खिळ्यांवर पितळी टोकनं टांगलेली. प्रत्येक कामगाराने आपल्या नंबराचं टोकन उचलून आत जायचं. सातला भोंगा व्हायचा, सात-पाचला मी पेटीचं झाकण पाडून कुलूप घालायचं. ज्याचं टोकन पेटीत राहिलं त्याच्या नावापुढे लेटमार्क. महिन्यात असे तीन झाले की अर्धा दिवस कापला जाई.

कामगारांत निम्मे आकुर्डी, रहाटणी अशा आसपासच्या गावांतले शेतकरी होते. पिढ्यान्‌पिढ्या सूर्य बघून उठलेली माणसं ती, त्यांना सात-पाच म्हणजे काय ते उमजत नसे. 'रातच्याला म्हस व्याली' किंवा 'पाट फुटला' असं सांगत ती बंद पेटीसमोर उभी राहायची. बाकीचे मराठवाड्यातून, कोकणातून आलेले, खोल्या घेऊन राहणारे. त्यांची कारणं वेगळी, पण कारणं होतीच. मी सगळ्यांवर सारखाच खेकसायचो. माझ्या नाकावर राग लहानपणापासूनच, त्यात हातात कुलूप. वर साहेबांच्या खोलीची खिडकी नेमकी फाटकावर उघडायची. साहेब आपलं घड्याळ माझ्या झाकणाशी लावून बघायचे, आणि एक मिनिट जास्त झालं की दुपारी बोलावणं यायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी किल्ली घेऊन उभा.

मला पर्याय नव्हता. वर्ष नीट गेलं तर कायम करणार होते. कायम झालो की बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन जातो, असं थोरल्या भावाला सांगून आलो होतो. तोवर त्या दोघी त्याच्या घरात होत्या, वहिनीच्या हाताखाली. बायकोच्या पत्रात तक्रारीचा एक शब्द नसायचा, आणि त्यावरूनच तिथे काय चाललं असेल ते मला कळायचं.

पहिल्यांदा मान धरली. उशी बदलली, तेल चोळलं, उपयोग शून्य. मग पोटात जळजळ सुरू झाली. पहिला घास पोटात गेला की निखारा गिळल्यासारखं वाटायचं. डोक्यावरचे केस कंगव्यात यायला लागले. सर्दी झाली ती तीन आठवडे गेली नाही. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या घरच्या मामी एक दिवस म्हणाल्या, "पावणं, तुमी झोपंत दात खाता. भिंतीपल्याड आमाला ऐकू येतंय. कुनावर एवढा राग?" मला वाटलं थट्टा करतात. आरशात पाहिलं तर जबड्याच्या दोन्ही बाजूंना सुपाऱ्या धरल्यासारखे गोळे आले होते.

सगळ्यात चमत्कारिक रविवारचं दुखणं होतं. आठवडाभर रेटत राहायचो आणि सुटीच्या दिवशी सकाळी उठलो की डोकं असं ठणकायचं की उजेड नको वाटायचा. काम नसताना का दुखावं? सुटीच मला सोसत नाही असं मी ठरवून टाकलं आणि रविवारीही फाटकावर एक चक्कर मारून यायला लागलो.

दिवाळीला दोन दिवस गावी गेलो. मुलगी आईच्या लुगड्यामागे लपून माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केले. ती येईना. मी म्हणालो, "ये ना." ती आणखी मागे सरकली. मग माझ्या तोंडून जे निघालं ते अजून मला टोचतं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मी तिच्यावर ओरडलो, "पटकन ये म्हणतो ना!" पोर ओठ काढून रडायला लागली. बायकोने तिला उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत भीती होती. बायको मला घाबरते आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि परतीच्या वाटेवर मला स्वतःची शिसारी आली.

मार्गशीर्षात कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. दंडाला रबरी पट्टा बांधून त्यांनी फुगा दाबला आणि पारा चढताना बघत राहिले. परत दाबला. मग पट्टा सोडून विचारलं, "वय किती म्हणालात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हा रक्तदाब तुमच्या वडिलांचा असायला हवा." पुढे त्यांनी जे समजावलं ते मला आजही पटतं. माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, हातपाय आवळतात, पोट आपलं काम थांबवतं. वाघ गेला की सगळं परत जागेवर यायला हवं. तुमचा वाघ जातच नाही, ते म्हणाले, तुम्ही सकाळपासून झोपेपर्यंत पळायच्या तयारीत उभे आहात. त्यांनी कागदावर लिहिलं: तीन महिन्यांनी फेरतपासणी. तेव्हाही पारा असाच चढला तर कायम करता येणार नाही. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, मन शांत ठेवा.

मन शांत ठेवा! मन म्हणजे काय कंदील आहे, वात खाली केली की झालं? मी चिडूनच बाहेर पडलो. त्यात आता एक नवा वाघ माझ्यामागे लागला होता, तो पारा.

ज्याला त्याला माझं दुखणं कळलं आणि उपाय सुरू झाले. कुणी कच्चा लसूण चावायला सांगितला, कुणी दुधात खायचा सोडा. एकाने दृष्ट काढली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. आणि मी स्वतः जे केलं ते तर फक्त टाइमकीपरच करू जाणे. मी एक वही आणली, रेघा मारल्या आणि शांत होण्याचं वेळापत्रक केलं. पाच-दहा ते पाच-पंचवीस दीर्घ श्वास. पाच-पंचवीसला नाडी मोजणे. साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर पंधरा मिनिटं डोळे मिटून पडणे, मग पुन्हा नाडी. डोळे मिटायचो आणि किती मिनिटं झाली ते बघायला उघडायचो. नाडी जास्त आली की घाबरायचो आणि घाबरलो की ती आणखी वाढायची. पंधरा दिवसांनी वही पाहिली. विश्रांतीला मी रोज उशिरा पोचत होतो, आणि खरं सांगतो, स्वतःला मी त्या वहीत लेटमार्क दिले होते.

ती वही मामांनी पाहिली. मामा म्हणजे मामींचे यजमान, माझे घरमालक. चाळिशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्यांची काही जमीन कारखान्यात गेली होती आणि त्यापायी त्यांना तिथेच हेल्परची नोकरी मिळाली होती, माझ्यानंतर तीन महिन्यांनी. उरलेल्या रानात विहीर होती, तिच्यावर कांदा, मेथी, थोडा गहू. मी फाटक उघडायला सहालाच निघायचो, मामा त्याआधी उठून विहिरीवर गेलेले असत. तिथून ते थेट कारखान्यात येत आणि हंगामात हटकून उशीर करत. त्यांच्या नावापुढेही मी इतरांसारखेच लेटमार्क मारले होते. घरी त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही. नियम म्हणजे नियम. मामी मात्र माझ्या पोटासाठी रोज ताक झाकून ठेवत.

मामांना वाचता येत नव्हतं. वहीतल्या रेघा बघून त्यांनी विचारलं, "हे काय, कारखान्याचं काम घरी आनलं व्हय?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "उद्या ऐतवार हाय. मोटंवर या."

रविवारी डोकं ठणकत असताना गेलो. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत जातात, नाडा म्हणजे मोटेचा दोर ताणला जातो आणि विहिरीतून पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येते. पाणी ओतलं गेलं की बैल उलट्या पावलांनी उतार चढून परत जागेवर येतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. मामांनी कासरे माझ्या हातात दिले आणि ते वाफ्यांकडे पाणी वळवायला गेले. मी काय केलं? घड्याळ लावलं. पाव तासात किती फेऱ्या होतात ते मोजलं आणि पुढच्या पाव तासात दोन वाढवायच्या असं ठरवलं. मागे येताना बैल रेंगाळतात, तो वेळ फुकट जातो असं मला वाटलं, म्हणून त्यांना मागे येतानाही हाकायला लागलो. थोड्याच वेळात बैलांच्या तोंडाला फेस आला, एकाने मान खाली घातली आणि मोट अर्धी भरून वर यायला लागली.

मामा धावत आले. त्यांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "राव, जाताना वढतो तो बैल, मागं येताना न्हाई वढत. मागं येताना नाडा सैल असतो. अर्धा येळ ताण, अर्धा येळ सैल, म्हनून तर जनावर दिसभर चालतंय. मागं येताना बी तुमी त्याला दामटलं, तर दुपारपातुर मरंल ते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा नाडा सैल कवा असतो?"

मी तिथे धावेच्या कडेला बसलो आणि कशासाठी ते कळत नसताना रडलो. मोठा माणूस दिवसाढवळ्या रडतो आहे याचं मामांनी काही वाटून घेतलं नाही. ते बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेले.

त्या दिवसापासून शिफ्ट सुटली की मी विहिरीवर जायला लागलो. पहिली अट मामींनी घातली: घड्याळ घरी ठेवायचं. त्या ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवत. पहिल्या आठवड्यात दोनदा मी ते उकरून बघितलं आणि हातभर पीठ माखून पकडला गेलो. मामा मोट हाकताना मोठ्याने गात. गळा काही खास नव्हता, पण ओळ संपेपर्यंत सगळा श्वास बाहेर जायचा आणि तोवर मोट वर आलेली असायची. मला गाणं येत नव्हतं, मी नुसता 'हो' लांबवायचो. सहा-सात दिवसांनी लक्षात आलं की वर्षभर मी श्वास फक्त आत घेत होतो, पुरता सोडतच नव्हतो. बैल मागे यायला लागले की मीही काही करायचं नाही, हातातला कासरा ढिला सोडून नुसतं उभं राहायचं, हे शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, ते खरं आहे. आधी झोप परत आली. मग एका संध्याकाळी मला भूक लागली आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा मामी दाराआडून बघत होत्या. मान सर्वांत शेवटी सुटली. फाटकावर काही बदललं नव्हतं. तोच भोंगा, तीच खिडकी. पण झाकण पाडल्यावर मी आता पेटीला पाठ टेकून चार श्वास सोडत असे. डबा खाताना फाटकाकडे तोंड करून बसायचं बंद केलं. आता कुठल्याही मासिकात हे उपाय छापून येतात आणि माणसं ते वाचून पान उलटतात. मीही उलटलं असतं. बैलाच्या तोंडाचा फेस पाहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, हा माझा स्वभाव.

मुलीसाठी मी चिंचवडच्या बाजारातून एक लाकडी घोडा आणून खुंटीला टांगला. तिला बोलावणं पाठवण्याइतका धीर मात्र अजून नव्हता.

होळीच्या आधी फेरतपासणी आली. त्याच दिवशी मामांचंही वर्ष भरत होतं, म्हणून डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी घाबरलो होतो, लपवून काय उपयोग? मामा म्हणाले, "सोडा श्वास." मी सोडला. आत गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा पाहिला आणि कागदावर सही करून म्हणाले, "काय केलंत?" मी म्हणालो, "मोट हाकली." ते हसले. मी कायम झालो होतो.

बाहेर येऊन मामांचे दोन्ही हात धरले. मला त्या क्षणी ते देवासारखे वाटले. मग त्यांचा नंबर पुकारला आणि ते आत गेले. मी बाकावर बसून बायकोला पत्रात काय लिहायचं ते मनात जुळवत होतो. मामा बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात लावलेली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"रगताचा जोर लई हाय म्हनत्यात. तीन मैन्यांनी परत या म्हनं."

मला वाटलं डॉक्टरांची काहीतरी चूक झाली. ज्या माणसाने मला सैल व्हायला शिकवलं त्याचा पारा कसा चढेल? मी तसं बोललोही. मामा खाली बघत म्हणाले, "मोटंवर न्हाई वो काय होत. पर सकाळी बैल सोडून पळत सुटायचं, वढा वलांडायचा, आन सडकंवर आलं की लांबनं तुमची पेटी दिसती. झाकन वर हाय का पडलं, त्ये इतक्या लांबनं कळत न्हाई. तवा हितं," त्यांनी छातीवर हात ठेवला, "लई वाजतंय. मग दिसभर वाजतच ऱ्हातं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी आदीच आजारी. तुमाला आनी तरास कशापायी?"

रोज धापा टाकत, घामाने भिजून हा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहत होता आणि मी त्याला आळशी समजत होतो. माझा वाघ खिडकीत बसला होता. त्यांचा वाघ मीच होतो, आणि त्यांच्याच घरचं ताक पिऊन बरा झालो होतो. मला इतकी लाज वाटली की कायम झाल्याचा आनंद जिथल्या तिथे विरला. त्या संध्याकाळी बायकोला पत्र लिहिलं, या म्हणून. दुसरी ओळ सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सातचा भोंगा झाला. माणसं आली, टोकनं उचलली, गेली. सात-पाच झाले. मामांचं टोकन खिळ्यावर तसंच होतं. मी झाकण पाडलं नाही. वरची खिडकी उघडली, मला दिसली. मी जागचा हललो नाही. सात-सात झाले, सात-नऊ झाले. मग सडकेच्या वळणावर मामा दिसले, धोतराचा सोगा हातात धरून पळत येणारे. मी फाटकाबाहेर चार पावलं गेलो आणि हात वर करून त्यांना खुणावलं, सावकाश या, पेटी उघडी आहे, चालत या.

माझा हात वर गेलेला त्यांनी वर्षभर एकाच कामासाठी पाहिला होता, झाकण पाडायला. त्यांनी हात पाहिला आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून ते आणखी जोरात पळाले. मी दोन्ही हातांनी नको नको म्हणत राहिलो, आणि ते पळत राहिले.

पेटीपाशी येऊन त्यांनी भिंतीला हात टेकला. छाती सदऱ्याच्या आत वरखाली होत होती, मला ती दिसत होती.

"येळेत हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

"वेळेत आहात, मामा," मी म्हणालो, आणि त्यांचं टोकन काढून त्यांच्या हातात ठेवलं. ते त्यांच्या बोटांतून निसटलं, म्हणून मला दोनदा ठेवावं लागलं.